कॅप्सूलमधलं बेसन

१

कॅप्सूलमध्ये बेसन निघालं.

नीलाबाईंनी तिची दोन टरफलं माझ्या काउंटरवर टाकली, तळहातावरचं पिवळं पीठ माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाल्या, "चाखून बघा, प्रणिताताई. तुमच्याच दुकानातलं हाय."

मी चाखलं. चौसाळ्यात मेडिकल चालवता चालवता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण बेसन ओळखायला कुठलीही पदवी लागत नाही.

"माझी लेक बीडला दवाखान्यात पडलीय. परवापासून उलट्या, काल तर मान सुदीक उचलंना. आन् तुमी तिला बेसन चारलं!"

दुकानातली दोन्ही गिऱ्हाइकं खोकायची थांबली. आमच्या गावात अशी बातमी हायवेच्या या टोकापासून त्या टोकाला जायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. दुकानाच्या अब्रूची आठवण मला नंतर झाली. आधी डोळ्यांसमोर आली ती शिवांजली.

मागच्या वर्षी ही पोरगी जिना चढायची बंद झाली. मग केस विंचरायला हात वर जाईना. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं परीक्षा टाळायचं सोंग. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी नेमकं दुखणं काढलं. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक चुली असतात, अन्नातली ताकद तिथं तयार होते. शिवांजलीच्या चुलीत साखर जळते, चरबी जळत नाही; जन्मतःच एक कळ बिघडलेली. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून खोट आली की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या वडिलांनी, मल्लिनाथ अण्णांनी, मामाचीच मुलगी केलेली, तेव्हा ती कशी आली हे सांगायला नको. पण नशीब असं, की या बिघाडाला बी-टू हे साधं जीवनसत्त्व लागू पडतं. फक्त मात्रा भरपूर हवी. नारिंगी पावडर भरलेल्या तपकिरी कॅप्सुली, आणि जोडीला पथ्य: उपास नाही, तेलकट-तुपकट नाही, दमछाक नाही, आणि सारखं काहीतरी पोटात, भात म्हणा, गूळ म्हणा.

त्या कॅप्सुली मी पुण्याहून मागवून देत होते. उन्हाळा सरता सरता शिवांजली स्वतःच्या पायांनी चालत माझ्या दुकानात आली, आईनं दिलेले पेढे घेऊन. ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले होते, आनंदानं.

"काकू, त्याच मालातली सीलबंद बाटली माझ्याकडं आहे," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोरच सील फोडून एक कॅप्सूल उघडली. आत नारिंगी पावडर. "हे बघा, हे खरं औषध. हे तिला आजच्या आज द्या."

"आता तुमच्या हातचं पाणीबी नको! आन् अमरनाथ भावजी म्हणतेत ते काय खोटं हाय? इतके दिवस बेसन खाऊनच बरी हुती ना ती? मंग तुमच्या औषधात दम तो काय?"

हे ऐकून मात्र मी हबकले. अमरनाथ म्हणजे मल्लिनाथ अण्णांचा धाकटा भाऊ. एका 'पेशी संजीवन केंद्रा'चा तो एजंट. पेशींच्या भिंती नव्यानं लिंपून देऊ, मायटोकॉन्ड्रिया चार्ज करून देऊ, अशी त्यांची पत्रकं. गुडघे असोत, साखर असो, लकवा असो, सगळ्यांवर इलाज एकच: त्यांचं तेल आणि त्यांचं दुधासारखं पांढरं सलाईन. त्या सलाईनमध्ये काय असतं हे मी विचारून घेतलं होतं. चरबी. नुसती चरबी.

"उद्या सकाळी गाडी सांगितलीय," नीलाबाई म्हणाल्या. "दवाखान्यातून काढून तिला केंद्रात नेणार."

"काकू, तिला चरबी पचत नाही! ते सलाईन तिला विष आहे!"

त्या पायऱ्या उतरल्या होत्या. पदरानं डोळे पुसत वळल्या. "देवानं दुसरं तरी धडधाकट दिलंय, माझा सत्यम. म्हणून जगतेय मी," म्हणाल्या आणि गेल्या.

२

माणूस बुडायला लागला की आधी मामाला हाक मारतो, निदान मी तरी मारते. माझे मामा मोहनराव पोलीस खात्यातून फौजदार म्हणून रिटायर झाले आणि नेकनूरला घरी बसून मामीचं डोकं खात होते. फोन ठेवला आणि पुढच्याच एसटीनं ते आले. पोट पुढं, हातात छत्री, आणि उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "प्रणे, काल काय जेवलीस?"

हा त्यांचा नोकरीतला जुना प्रश्न. संशयितालाही हाच, साक्षीदारालाही हाच. ते म्हणायचे, "कुठं गेलतास, कधी गेलतास, ह्याची उत्तरं माणूस घोकून येतो. जेवणाचं कुणी घोकत न्हाई."

"मामा, माझं जेवण राहू द्या. त्या पोरीला उद्या सकाळी हलवतायत."

"म्हणूनच इचारतोय. उपाशी माणसाचं डोकं चालत न्हाई." त्यांनी समोरच्या गाड्यावरून दोघांसाठी भजी आणवली, सगळी हकीकत ऐकली, बोटं पुसली आणि उठले. "चल. मल्लिनाथ मला नाही म्हणायचा न्हाई. त्याच्या गोदामातली चोरी मीच काढून दिलती."

मल्लिनाथ अण्णांचं किराणा दुकान हायवेलाच लागून, मागं घर. कपाळावर विभूतीचे पट्टे, समोर गुळाच्या ढेपा, आणि अण्णा नेहमीसारखे गल्ल्यावर. बाजूला नोटा तपासायचा तो छोटा जांभळा दिवा. बनावट पाचशेच्या नोटेनं एकदा हात पोळल्यापासून अण्णा सख्ख्या भावाचीही नोट त्या दिव्याखाली धरल्याशिवाय घेत नसत.

मला बघून त्यांनी मान फिरवली. मामांना बघून उठून उभे राहिले.

"या साहेब. पण हिला कावून आणलं?"

"हिच्यावरच आळ हाय म्हणून. कॅप्सुलीची बाटली आण. आन् एक स्वच्छ कागद."

बाटली आली. नीलाबाई, अमरनाथ, त्याची बायको सायली, सगळे दाराशी जमा झाले. मामांनी सगळ्या कॅप्सुली कागदावर ओतल्या आणि मला म्हणाले, "फोड सगळ्या."

"सगळ्या?"

"एक राहू देऊ नकोस."

मी फोडत गेले. पहिलीत बेसन. दुसरीत बेसन. नीलाबाईंनी कपाळावर हात मारला. तिसरीत नारिंगी पावडर. मी थांबले. चौथीत पुन्हा नारिंगी. मग बेसन. शेवटी कागदावर दोन ढीग झाले, फिका पिवळा आणि भडक नारिंगी, आणि ते जवळजवळ सारखेच होते.

"म्हंजे अर्धं खरं, अर्धं खोटं," अमरनाथ म्हणाला. "भेसळच की ही!"

मामांनी बोटानं दोन्ही ढीग आणखी लांब सरकवले.

"बेसन कुणी भरलं, हे सगळे इचारतेत," ते म्हणाले. "मला एक सांगा, त्या जागेवरची पावडर गेली कुठं?"



३

मामांनी पडवीत बाज टाकायला लावली आणि एकेकाला बोलावलं. मी त्यांच्या शेजारी बसले.

अमरनाथ पहिला आला तो तावातावानंच.

"माझ्यावर शक घेताव? माझी पुतणी हाय ती! केंद्रात नेऊन मला काय कमिशन मिळणार हाय म्हणून? तिच्या पेशी सुधाराव्यात, एवढंच."

"पेशी राहू दे. काल काय जेवलास?"

"अं? मटकीची उसळ, भाकर, वरून आमचं तेल दोन चमचे. रोज घेतो मी. बायकोलाबी देतो. तिच्या गुडघ्याला लई फरक हाय."

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. माझी चीड थोडी उतरली, आणि तेच मला आवडेना. लबाड माणसाशी भांडता येतं. मनापासून विश्वास ठेवणाऱ्याशी काय भांडणार?

मग सायली आली. घरातलं पीठ-मीठ तिच्या ताब्यात, शिवांजलीला सकाळची कॅप्सूलही बहुतेक तीच द्यायची.

"बेसन घरातलंच हाय, ते मी वळखलं," ती स्वतःच म्हणाली. "पण डबा काय कुलपात असतोय का? कुणीबी घेईल. बाटली देवघराच्या फळीवर असती, दिसंल अशी."

"काल काय जेवलीस?"

"तेच, उसळ-भाकर."

"आन् तेल?"

तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "साहेब, त्यांना सांगू नगा. ते तेल मी देवाच्या दिव्यात घालते. दिवा मातर लई चांगला जळतोय."

मामांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी ओठ दाबून धरले.

"शिवांजलीचा राग येतो का गं तुला? घरात सगळं तिच्याभोवतीच चालतं."

"येतो कधी कधी. गुडघे माझेबी दुखतेत, मला कोण पुण्याला नेतंय?" ती म्हणाली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "पण त्या लेकराचं वाईट? न्हाई हो. लई गुणाचे हायत दोघं बहीण-भाऊ. एक पेढा दिला तरी आजून अर्धा-अर्धा करतेत. गेल्या हप्त्यात तिला ताप आलता, सत्यम रात्रभर उशाला बसलता. तवापासूनच ती खचली बघा."

शेवटी सत्यम. उंच, देखणा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा. यंदा वयाच्या हिशेबानं शेवटची संधी, आणि उद्याच बीडला ग्राउंड, धावायची परीक्षा. आजारी बहिणीला पाठीवर घेऊन पुण्याच्या दवाखान्याचा जिना चढलेला हाच. तो आमच्याकडं येत होता तेवढ्यात दुकानातून अण्णांची हाक आली, "सत्यम, हमाल एकटाच हाय, पोत्याला हात लाव की!"

"अण्णा, उद्या ग्राउंड हाय. कंबर धरली तर?" म्हणून तो आमच्यासमोर पोत्यांवर टेकला. भिंतीला त्याचे पळायचे बूट टांगलेले होते. मामांनी ते हातात घेऊन उलटेपालटे केले.

"भारी हायत. रोज पळतोस?"

"रोज. पहाटं, मांजरसुंब्याच्या रस्त्यानं."

बाहेर आठवडाभर पाऊस रिपरिपत होता आणि रस्त्याकडेच्या काळ्या मातीनं माझ्या चपला जड झाल्या होत्या. मामांनी बूट परत खुंटीला लावले. तळवे नव्यासारखे पांढरे होते.

"काल काय जेवलास बाळा?"

"भात, साधं वरण, गूळ. घंट्या-घंट्याला कायतरी खातोच मी. तेलकट सगळं बंद केलंय, भरतीसाठी."

"शाब्बास. आन् बहिणीला बेसन कुणी चारलं असंल?"

सत्यमनं मान खाली घातली. "कुणी का असंना, साहेब. ती बरी व्हायला पाहिजे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका फाटला की मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

४

निघताना मामांना बिस्किटं हवी झाली. पैसे अर्थातच मी द्यायचे. मी पाचशेची नोट काढून अण्णांपुढं धरली. त्यांनी माझ्यावरच्या रागापायी ती हातातही घेतली नाही, दिव्याकडं बोट केलं.

"धरा दिव्याखाली."

मी नोट धरली, अण्णांनी बटण दाबलं. नोटेतला धागा चमकला, आणि त्याच वेळी माझी बोटंही. नखांच्या कडेनं, बोटांच्या रेघांत, हिरवट पिवळा असा प्रकाश, जसा काजव्याचा असतो. मी कॅप्सुली फोडून हात साबणानं धुतले होते, तरीही.

"हे काय लावलंय?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या शिवांजलीचं औषध," मी म्हणाले. "बी-टू अशा दिव्याखाली चमकतं, कॉलेजात शिकवलं होतं. विसरलेच होते मी."

अण्णांनी स्वतःची बोटं दिव्याखाली धरली, ती काळीच राहिली. गुळाच्या वासाची, विभूतीची. "नोट खरी हाय," ते पुटपुटले आणि सुटे पैसे मोजायला लागले.

मामा बिस्किटाचा पुडा खिशात घालून माझ्या हातांकडं बघत राहिले. रस्त्यावर आल्यावर मी त्यांना गाठलं.

"मामा, तुम्हाला कळलंय ना? सांगा तरी!"

"कळलंय असं वाटतंय. पण वाटण्यावर एका घराचं काळीज फाडायचं न्हाई."

"म्हणजे घरातलाच कुणीतरी?"

"पोरी, उद्या सकाळी गाडी निघायच्या आत आपण इथं पायजे. आन् येताना तुझ्या पुण्याच्या डॉक्टरचा नंबर लावून ठेव."

"आणि?"

"आन् पाचशेची एक नोट आण. माझ्याकडं न्हाई."

५

सकाळी गाडी दुकानासमोर उभी होती. अमरनाथ पुढच्या सीटवर केंद्राची पिशवी ठेवत होता. नीलाबाईंच्या हातात शिवांजलीची शाल. सत्यम बॅग आणि बूट घेऊन पायरीवर उभा, त्याला वाटेत ग्राउंडवर सोडायचं ठरलं होतं. अण्णा नुकतीच पूजा आटोपून आले होते.

"साहेब, आता उगी उशीर नगा करू," अमरनाथ म्हणाला.

"अजिबात न्हाई. जाताना फक्त ही नोट तपासू. हिच्या दुकानात आली म्हणती, मला खोटी वाटती. अमरनाथ, तू बघ बरं."

कुरकुरत अमरनाथनं नोट दिव्याखाली धरली. "खरी तर हाय!"

"सायली, तुला काय वाटतं?"

सायलीनं धरली. तिचे हात पिठानं पांढरे, पण दिव्याखाली त्यांना काही चमक नाही. तिनं मान हलवली. "खरीच की."

"सत्यम, तू तर होणारा पोलीस. तू सांग."

सत्यमनं बॅग खाली ठेवली, आला, नोट घेतली. दिवा लागला.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा हिरवट पिवळ्या उजेडानं पेटले. नखांखाली तर चांगली रेघ. बोटं चिमूट धरल्यासारखी, जिथं जिथं चिमूट लागते तिथं तिथं.

नीलाबाईंच्या हातातली शाल खाली पडली.

"चोर!" अमरनाथ किंचाळला. "सख्ख्या बहिणीचं औषध चोरतोस? अरे, थू तुझ्या..."

"गप बे!" मामांचा आवाज एकदम ठाण्यातला झाला. "चोर न्हाई तो. पेशंट हाय."

६

सत्यम पोत्यांवर बसला, की कोसळला म्हणू. मामा त्याच्या शेजारी बसले आणि पुढचं सगळं त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

"हिनं किंवा पुण्याच्या व्यापाऱ्यानं फसवलं असतं, तर सगळ्याच कॅप्सुलीत बेसन निघालं असतं. अर्ध्या खऱ्या ठेवून कोण फसवतो? अमरनाथला औषध खोटं पाडायचं असतं, तरी त्यानं अर्ध्यावर हात आखडला नसता. आन् वाईटावर टपलेला माणूस पावडर मोरीत वततो, सांभाळून ठेवत न्हाई. मी काल मोरी बघितली, बादली बघितली, नारिंगी डाग कुठंच न्हाई. म्हंजे पावडर कुणाला तरी पायजे हुती. ती विकून बंगला होत न्हाई. ती पायजे फक्त त्याला, ज्याला तीच बिमारी हाय."

"सत्यमला?" नीलाबाई कशाबशा बोलल्या. "अवो, तो रोज पळतोय!"

"न्हाई पळत, ताई. ह्या चिखलात त्याच्या बुटाला मातीचा डाग न्हाई. पोतं उचलंना, ते भरतीचं निमित्त. आन् काल मी सगळ्यांना जेवण इचारलं. घरात उसळ-भाकर शिजली, आन् ह्यानं खाल्लं काय? भात, वरण, गूळ, तेलाचा थेंब न्हाई, घंट्या-घंट्याला. हे भरतीचं जेवण न्हाई. हे शिवांजलीचं पथ्य हाय, जसंच्या तसं."

मी स्वतःवरच चिडले. हे पथ्य मीच कागदावर लिहून त्यांच्या स्वयंपाकघरात चिकटवलं होतं, आणि काल ते माझ्या कानांवरून गेलं!

"खरं हाय का बाळा?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता.

सत्यमनं शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली. किराणा दुकानातल्या पोरानं बांधावी तशी, चारी कोपरे दुमडलेली, घट्ट. उलगडली. आत नारिंगी पावडर.

"पळालो की मांड्या दगडासारख्या व्हायच्या," तो म्हणाला. "मंग उलट्या. शिवांजलीला झालतं तसंच, सगळं तसंच. मला कळलं. आन् तीबी बरी झालती, चालत हुती. मला वाटलं तिला आता अर्ध्यात भागंल. रिकामी कॅप्सूल दाबली की चेपायची, म्हणून बेसन भरलं. तापानंतर ती पडली तवा..." त्यानं पुडी परत दुमडली. "मी बाटलीत परत भरणार हुतो, पण आईनं ती नेली दवाखान्यात. आन् मंग बोलायला तोंडच राहिलं न्हाई."

"पण सांगायचं ना रे, राजा!" नीलाबाई त्याच्यासमोर खाली बसल्या. "आमाला कावून सांगितलं न्हाईस?"

"तू रोज देवासमोर काय म्हणतीस, आई? दुसरं तरी धडधाकट दिलं म्हणतीस. मी कसं सांगू?"

नीलाबाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्या रडायला लागल्या. सायली रडली, अण्णांनी उपरण्यात तोंड लपवलं. मला तर कालपासून रडायचंच होतं, मीही मनसोक्त रडून घेतलं. आळ गेला म्हणून नव्हे. पोरगी अर्ध्या औषधावरसुद्धा तापापर्यंत उभी राहिली होती, म्हणजे औषध खरं होतं आणि पुरं मिळालं की ती परत उभी राहणार होती, म्हणून. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फोनवर पुण्याचे डॉक्टर सगळं ऐकून म्हणाले, "मुलीला पुरी मात्रा आत्ता सुरू करा. मुलाच्या रक्ताची तपासणी करू, पण त्याचं औषध थांबवू नका. आणि ऐका, तो आज धावणार नाही ना? या अवस्थेत धावला तर स्नायू फुटून मूत्रपिंडं जातात."

मी ते मोठ्यानं सांगितलं. सत्यमनं हातातल्या बुटांकडं बघितलं. मग वाकून ते पायरीच्या कडेला ठेवले.

अमरनाथ इतका वेळ गाडीचं दार धरून उभा होता. "ताई," त्यानं मला विचारलं, "ते सलाईन तिला चढवलं असतं तर, काय झालं असतं?"

मला टोमणा मारायची संधी होती आणि जिभेवर चांगले दोन-तीन तयारही होते. पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"नाही चढवलं ना? झालं तर मग," मी म्हणाले. "गाडी बीडकडं घ्या. दवाखान्यात."

केंद्राची पिशवी त्यानं स्वतःच उचलून डिकीत कोंबली.

७

शिवांजली पलंगावर उशीला टेकून बसली होती. साखरेच्या सलाईननं तिला थोडी तरतरी आली होती, मान धरवत होती, पण हात अजून चादरीवर पडून होते. आम्ही एवढे सगळे एकदम आत शिरलेले बघून ती घाबरली.

सांगितलं सत्यमनंच, पायाशी उभं राहून, नजर जमिनीवर. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुण्याशी बोलून घेतलं, माझ्याकडची बाटली उलटीपालटी करून बघितली आणि मान डोलावली. नीलाबाईंनी माझ्याकडं हात पसरला. काल ज्या हातावर बेसन होतं, त्याच तळहातावर मी दोन कॅप्सुली ठेवल्या.

"प्रणिताताई," त्या म्हणाल्या, "काल लई बोलले मी."

"बोललात. पुढच्या खेपेला पेढे जास्त आणा."

त्या रडता रडता हसल्या. मामा दारात बिस्किटं खात उभे होते, त्यांनी पुडा पुढं केला. कुणी घेतलं नाही, तर म्हणाले, "काल रात्री तुमच्यात कुणीच जेवलेलं दिसत न्हाई."

शिवांजलीनं एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. मग दुसरी उचलली. हात थरथरत होता, तरी तिनं तो कुणाला धरू दिला नाही. सत्यम जवळ आला. सवयीनं त्यानं तळहात पुढं केला आणि लगेच शरमून मागं घेतला.

"हात कर," ती म्हणाली.

"शिवा, तुझं औषध हाय ते. माझं येईल उद्या..."

"हात कर म्हणते ना."

त्यानं हात केला. तिनं कॅप्सूल त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"अर्धी करायची न्हाई," ती म्हणाली. "पुरी घे."